नशिबाच्या नावाने : पोकरचे नियम न वाचणाऱ्या समीक्षेविषयी

साहित्यकृतीत जुगार आला की आमच्या समीक्षेची भाषा ठरून गेलेली असते. जुगार हे नियतीचे प्रतीक, पत्ते म्हणजे मानवी जीवनाची अनिश्चितता, फासे म्हणजे दैवाची लहर. ही विधाने मार्गदर्शकांत सापडतात, उत्तरपत्रिकांत सापडतात, आणि प्रांजळपणे सांगायचे तर आमच्या स्वतःच्या जुन्या टिपणांतही सापडतात. महाभारतातले द्यूत असो, पुश्किनच्या ‘हुकमाची राणी’तला फारो असो, दस्तयेवस्कीच्या ‘जुगारी’तले रूलेट असो की टेनेसी विल्यम्सचे पोकर असो, एकच वाक्य सर्वांना पुरते. चार निरनिराळ्या गोष्टींना जे एकच वाक्य पुरते ते त्यांपैकी एकीविषयीही काही सांगत नाही, ही शंका मात्र आम्हांला फार उशिरा आली.

ती कशी आली ते सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी विल्यम्सच्या ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ (१९४७) या नाटकाचा शेवटचा, अकरावा प्रवेश वर्गात चालला होता. स्टॅन्ली मित्रांबरोबर पोकर खेळत बसला आहे आणि आपण ‘इनसाइड स्ट्रेट’ला पत्ता मागितला व तो लागला, अशी बढाई मारतो आहे. एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, इनसाइड स्ट्रेट म्हणजे काय?” आम्ही म्हणालो, “पत्त्यांतला एक प्रकार आहे. नशिबाने लागतो,” आणि पुढे सरकलो. आम्हांला ठाऊक नव्हते. आणि ठाऊक नाही हे कबूल करण्याची गरजही वाटली नव्हती, कारण ‘नशीब’ हा शब्द उच्चारला की अज्ञानालाही अर्थगर्भतेची कळा येते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

आमचे म्हणणे एवढेच की, खेळाचे नियम हा त्या खेळाचा आशय असतो. कोणती माहिती झाकलेली आहे, कोणती उघडी आहे, ती जाणून घेण्यासाठी काय मोजावे लागते आणि शेवटी दाखवण्याचे बंधन कुणावर आहे, एवढे चार प्रश्न विचारले की ‘जुगार’ या ढोबळ शब्दाचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या जगाविषयी बोलू लागतो. हे प्रश्न न विचारता केलेली प्रतीकमीमांसा म्हणजे गण न पाडता वृत्ताचे नाव सांगण्यासारखे आहे. कधी बरोबर येते, पण ते वाचन नव्हे.

प्रथम पोकरच्या सर्व प्रकारांना समान असा पाया पाहू. पाच पत्त्यांच्या संचाला पोकरमध्ये ‘हात’ म्हणतात. बावन्न पत्त्यांतून असे २५,९८,९६० हात संभवतात आणि त्यांची उतरंड दुर्मिळतेवर बेतलेली आहे. निव्वळ एक जोडी असलेले हात १०,९८,२४०. दोन जोड्यांचे १,२३,५५२. एकाच किमतीच्या तीन पत्त्यांचे ५४,९१२. पाठोपाठच्या किमतींचे पाच पत्ते म्हणजे स्ट्रेट, ते १०,२००. एकाच रंगाचे पाच म्हणजे फ्लश, ते ५,१०८. तीन आणि दोन अशी जुळणी म्हणजे फुल हाउस, ते ३,७४४. एकाच किमतीचे चारही पत्ते असलेले ६२४. आणि एकाच रंगातले पाठोपाठचे पाच, म्हणजे स्ट्रेट फ्लश, अवघे ४०. जे विरळ ते श्रेष्ठ, एवढेच या उतरंडीचे तत्त्व.

दिवाळीत तीन पत्ती खेळलेला आमचा वाचक येथे नेमका अडखळतो, कारण तेथे सिक्वेन्स कलरवर मात करते आणि पोकरमध्ये उलट फ्लश स्ट्रेटवर मात करतो. हा लहरीचा प्रश्न नाही. तीन पत्त्यांचे एकंदर २२,१०० संच होतात. त्यांत सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. संच तीनांवरून पाचांवर गेला की विरळ काय आणि मुबलक काय हे पालटते, आणि त्याबरोबर श्रेष्ठ-कनिष्ठही पालटते. गंमत अशी की तीन पत्तीत सर्वांत वरचा मानलेला ट्रेल ५२ प्रकारांनी येतो आणि त्याखालची प्युअर सिक्वेन्स ४८ प्रकारांनीच. म्हणजे तेथे रूढीने गणितावर मात केली आहे. कोणत्या खेळात गणित राज्य करते आणि कोठे रूढी, हे ज्याला दिसते त्याला खेळ हे संस्कृतीचे दस्तऐवज का आहेत हे वेगळे सांगावे लागत नाही.

पायाचा दुसरा भाग पैजेचा. प्रत्येक फेरीत खेळाडूपुढे मोजके मार्ग असतात: समोरच्याच्या पैजेची बरोबरी करणे, ती वाढवणे, किंवा तीन पत्तीत ज्याला पॅक होणे म्हणतात तसे पत्ते टाकून देणे. त्यामुळे जिंकण्याच्या वाटा दोन. शेवटी पत्ते उघडल्यावर सर्वांत वरचा हात तुमचा असणे ही एक. आणि त्याआधीच बाकी सर्वांनी पत्ते टाकून देणे ही दुसरी. दुसऱ्या वाटेने जिंकणाऱ्यावर आपले पत्ते दाखवण्याचे कोणतेही बंधन नाही. या एका कलमातून ‘ब्लफ’ जन्माला येतो. मराठीत आपण त्याचे ‘थाप’ असे भाषांतर करून मोकळे होतो आणि अर्थाचा घात करतो. थाप मारणारा खोटे विधान करतो आणि त्यासाठी काही मोजत नाही. ब्लफ करणारा कोणतेही विधान करत नाही. तो खरे पैसे खऱ्या धोक्यात घालतो आणि निष्कर्ष काढण्याचे काम समोरच्यावर सोडतो. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्या १९४४ सालच्या गेम थिअरीवरील ग्रंथात पोकरला स्वतंत्र विभाग मिळाला तो याच कारणाने. जो कधीच ब्लफ करत नाही त्याच्या चांगल्या पत्त्यांवर कुणी पैसे लावत नाही. म्हणून काही प्रमाणात ब्लफ करणे ही या खेळात स्वभावाची नव्हे, हिशेबाची गोष्ट ठरते.

आता प्रकारांकडे वळू. पोकर वाढले ते एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यू ऑर्लिन्स आणि मिसिसिपीवरील आगबोटी यांच्या आश्रयाने. आरंभी वीसच पत्ते असत, दश्शीपासून एक्क्यापर्यंत. चौघांना पाच-पाच वाटले की पत्ते संपले. बदलायला पत्ता उरतच नसे. पुढे बावन्न पत्ते आले आणि खेळाला फांद्या फुटल्या.

पहिली फांदी ‘फाइव्ह कार्ड ड्रॉ’ची. प्रत्येकाला पाच पत्ते झाकून वाटतात. पैजेची एक फेरी होते. मग ज्याला हवे त्याने नको असलेले पत्ते टाकून तितकेच नवे घ्यायचे, पुन्हा एक फेरी आणि मग उघडा. येथे सगळेच झाकलेले. समोरच्याने किती पत्ते बदलले, एवढीच काय ती उघडी खूण. तीन बदलले तर हातात बहुधा एक जोडी. एक बदलला तर दोन जोड्या तरी असाव्यात किंवा तो स्ट्रेट-फ्लशच्या आशेवर असावा. एकही बदलला नाही तर एक तर हात तयार आहे, किंवा तो तसे भासवतो आहे. एका आकड्यावरून माणूस वाचायचा, असा हा खेळ.

दुसरी फांदी ‘स्टड’ची. ‘फाइव्ह कार्ड स्टड’मध्ये प्रत्येकाचा पहिला पत्ता झाकलेला आणि पुढचे चार एकेक करून उघडे, प्रत्येक उघड्या पत्त्यानंतर पैज. म्हणजे प्रत्येकाचे चार पंचमांश चरित्र चव्हाट्यावर आणि एकच पान मिटलेले. रिचर्ड जेसपच्या कादंबरीवरून नॉर्मन ज्युइसनने १९६५ साली केलेल्या ‘द सिनसिनाटी किड’ या चित्रपटाचा शेवट याच प्रकारावर उभा आहे. म्हाताऱ्या खेळाडूच्या उघड्या पत्त्यांत चौकटचा क्रम जुळत आलेला सर्वांना दिसतो. प्रश्न एवढाच की झाकलेला पत्ता चौकटचा गुलाम आहे काय. तो असतो, आणि तरुणाचे एक्के-दश्श्यांचे फुल हाउस मातीमोल होते. हा प्रसंग ड्रॉमध्ये रचताच आला नसता. तेथे प्रेक्षकाला भिण्यासारखे काही दिसलेच नसते.

‘सेव्हन कार्ड स्टड’मध्ये दोन पत्ते झाकलेले व एक उघडा अशी सुरुवात होते, मग तीन उघडे येतात, आणि सातवा व शेवटचा पत्ता पुन्हा झाकून मिळतो. चार उघडे, तीन झाकलेले. सातांतून उत्तम पाच निवडायचे. जसजसा डाव पुढे जातो तसतशी माहिती वाढते, आणि अगदी शेवटच्या क्षणी मात्र पडदा पुन्हा खाली येतो. हा तपशील वाचकाने लक्षात ठेवावा. आपण त्याकडे परतणार आहोत.

तिसरी फांदी सामायिक पत्त्यांची. ‘टेक्सस होल्डेम’मध्ये प्रत्येकाला दोनच पत्ते झाकून मिळतात आणि टेबलाच्या मध्यभागी सर्वांसाठी पाच पत्ते उघडतात: आधी तीन, मग एक, मग एक. स्वतःचे दोन आणि मधले पाच अशा सातांतून कोणतेही उत्तम पाच. स्वतःचे दोन्ही वापरा, एक वापरा, एकही वापरू नका. ‘ओमाहा’मध्ये स्वतःचे पत्ते चार; पण हातात येतात ते त्यांतले नेमके दोन आणि मधले नेमके तीन. नवखा खेळाडू येथे हटकून फसतो. टेबलावर चार इस्पिक आणि आपल्याकडे इस्पिकचा एकटा एक्का असेल तर होल्डेममध्ये तो फ्लश होतो. ओमाहामध्ये होत नाही, कारण स्वतःचे दोन पत्ते वापरणे सक्तीचे आहे. ज्यांनी वर्गात वाचककेंद्री समीक्षा शिकली-शिकवली आहे त्यांना ही विभागणी अनोळखी वाटू नये. संहिता सर्वांची एकच, प्रत्येक वाचकाच्या हातात त्याचे खाजगी असे थोडे काही, आणि वाचकाने स्वतःचे किती घालावे याविषयी दोन पंथांचे दोन नियम.

आणि चौथी फांदी उलट्या उतरंडीची. ‘रॅझ’ हा सेव्हन कार्ड स्टडच. पण जिंकतो तो सर्वांत हलका हात. स्ट्रेट आणि फ्लश यांचा दोष धरत नाहीत, म्हणून एक्का-दुर्री-तिर्री-चव्वी-पंजी हा सर्वोत्तम. ‘ड्यूस टू सेव्हन’ या दुसऱ्या प्रकारात एक्का जडच मानतात आणि स्ट्रेट-फ्लश हा दोष ठरतो. तेथे दोन, तीन, चार, पाच आणि सात, तेही एका रंगाचे नसलेले, असा हात सर्वांवर मात करतो. तेच बावन्न पत्ते, आणि ज्याच्या हाती राजे त्याचे दिवाळे.

इतका तपशील साहित्याच्या वाचकाने कशासाठी सोसायचा? आता ‘स्ट्रीटकार’कडे परत जाऊ.

या नाटकाचे एक आरंभीचे शीर्षकच ‘द पोकर नाइट’ होते. तिसऱ्या प्रवेशाला ते नाव अजूनही आहे. नाटक घडते न्यू ऑर्लिन्समध्ये, म्हणजे पोकरच्या माहेरी. आपण शिकवतो ते असे: पोकर म्हणजे पुरुषी पाशवीपणा, पोकर म्हणजे नशीब, स्टॅन्ली म्हणजे पोकर. यांतले पहिले अर्धसत्य आहे. उरलेली दोन नियमांपुढे टिकत नाहीत.

तिसऱ्या प्रवेशात एक जण विचारतो की या डावात कोणता पत्ता ‘वाइल्ड’, म्हणजे कोणत्याही पत्त्याच्या जागी चालणारा. आणि पाब्लो सांगतो, एकडोळे गुलाम. बाजूने रेखाटल्यामुळे ज्यांचा एकच डोळा दिसतो असे इस्पिक आणि बदाम यांचे हे दोन गुलाम. शेवटच्या प्रवेशात पुढचा डाव कोणता ते स्टीव्ह जाहीर करतो. यावरून दिसते ते असे की या टेबलावर नियम सांगण्याचा मान फिरता आहे. आणि घरात? आठव्या प्रवेशात स्टॅन्ली आपण या घराचे राजे असल्याचे बजावतो. चार भिडूंच्या टेबलावर जी लोकशाही आहे ती दोन खोल्यांच्या घरात नाही. पोकर हे स्टॅन्लीच्या सत्तेचे प्रतीक म्हणून शिकवणाऱ्यांनी हा विरोध नजरेआड केला आहे.

त्याहून महत्त्वाचे कलम झाकल्या पत्त्याचे. पोकरमध्ये समोरच्याचा पत्ता पाहायचा असेल तर पैज भरावी लागते. फुकट पाहणे ही लबाडी. स्टॅन्ली काय करतो? दुसऱ्या प्रवेशात तो ब्लांशची पेटी उपसतो, तिच्या मृत पतीच्या पत्रांना हात घालतो. पुढे तो ओळखीच्या माणसाकरवी लॉरेल गावातला तिचा भूतकाळ खणून काढतो आणि ती माहिती मिचच्या कानी घालतो. यांपैकी एकाही वेळी त्याने काही पणाला लावलेले नाही. ब्लांश आपले वय, आपले दिवस, आपली लाज झाकते. नाटकभर जे काही धोक्यात आहे ते तिचेच आहे. दिव्यावर कागदी कंदील चढवणारी ब्लांश थापाडी आणि तिला उघडे पाडणारा स्टॅन्ली रोखठोक, अशी वाटणी वर्गात सर्रास होते. नियम जाणणाऱ्या वाचकाला तिचे झाकणे हे खेळाच्या आत दिसेल आणि त्याचे डोकावणे खेळाच्या बाहेर. पोकरच्या टेबलावर हे केले असते तर मित्रांनीच त्याला उठवले असते.

आता तो इनसाइड स्ट्रेट. समजा हातात पाच, सहा, आठ, नऊ आहेत. मधली सत्ती नाही. पाचवा पत्ता टाकून एक मागायचा. न पाहिलेल्या ४७ पत्त्यांत सत्त्या चारच, म्हणजे लागण्याची शक्यता सुमारे साडेआठ टक्के. हातात सहा, सात, आठ, नऊ असते तर पंजी आणि दश्शी दोन्ही चालल्या असत्या. आठ पत्ते, सतरा टक्के. म्हणून आतल्या खिंडारासाठी पत्ता मागू नये हा ड्रॉ पोकरचा बाळबोध धडा आहे. स्टॅन्लीने तो मोडला आणि तो जिंकला. म्हणूनच पाब्लो त्याच्या नशिबाला शिव्या घालतो, आणि त्यावर स्टॅन्ली आपले तत्त्वज्ञान ऐकवतो: आपण नशीबवान आहोत असे मानणे म्हणजेच नशीब, सालेर्नोच्या लढाईत पाचांपैकी चार मरतील हे मी ताडले होते आणि आपण वाचू असे मानले होते.

हे वाक्य नियतीविषयी आहे असे आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो. नियम माहीत झाल्यावर ते दुसऱ्याच गोष्टीविषयी आहे हे कळते. वाईट खेळी करून जिंकलेला माणूस आपल्या जिंकण्याला गुण समजतो आहे. आदल्या प्रवेशात त्याने जे केले, त्याची किंमत या प्रवेशात ब्लांश भरते आहे. बाहेर डॉक्टर आणि परिचारिका येऊन ठेपत आहेत. जगात न्याय आहे असे सांगणारे नाटक असते तर त्याची सत्ती चुकली असती. ती लागली, आणि त्याने त्यातून सिद्धान्त काढला. ‘नशिबाने लागतो’ असे म्हणून पुढे सरकणारा शिक्षक नकळत स्टॅन्लीचाच सिद्धान्त वर्गाला शिकवत असतो. आमच्या चुकीची खरी बोच ही आहे.

ब्लांशला नेतात, आणि स्टीव्ह सांगतो की पुढचा डाव सेव्हन कार्ड स्टडचा. पडदा. चार उघडे, तीन झाकलेले, आणि शेवटचा पत्ता पालथा. ब्लांशची लाज नाटकभर एकेक पत्ता करून उघडी पडत गेली. शेवटचे, सर्वांत भयंकर सत्य मात्र कुणी उलटून पाहत नाही. ब्लांश सांगते ते खरे मानले तर स्टॅन्लीबरोबर राहता येणार नाही, असे स्टेला म्हणते आणि न मानण्याची निवड करते. ब्लांशचे कोणते गुपित कोणत्या पत्त्याच्या जागी, असली मोजणी जुळवत बसणे पोरकटपणाचे होईल आणि विल्यम्सने ती जुळवली होती असा आमचा दावाही नाही. दावा एवढाच की ड्रॉची बढाई मारणाऱ्या प्रवेशाचा शेवट नाटककाराने स्टडच्या घोषणेने केला आहे, आणि दोहोंतला फरक ज्याला ठाऊक नाही त्याच्यापुरते ते शेवटचे वाक्य नुसता आवाज आहे.

हा न्याय एका नाटकापुरता नाही. पुश्किनच्या १८३४ सालच्या कथेतल्या फारोमध्ये खेळाडू एका पत्त्यावर पैसे लावतो आणि तो पत्ता एका बाजूला पडला की जिंकतो, दुसऱ्या बाजूला पडला की हरतो. तेथे जाणून घेण्यासारखे काहीच नसते, म्हणूनच हर्मनला ज्ञान हवे तर भुताकडे जावे लागते. कथेतले अद्भुत हे फारोच्या नियमांतून आलेले आहे. पोकरवर ती कथा लिहिताच येणार नाही. इयन फ्लेमिंगच्या ‘कॅसिनो रोयाल’ (१९५३) या कादंबरीत बाँड बॅकरा खेळतो. दोन राण्या, म्हणजे शून्य. तिसरा पत्ता नव्वी, आणि तो जिंकतो. २००६ च्या चित्रपटात त्याच जागी होल्डेम आहे. टेबलावर दोन एक्के, अठ्ठी, छक्की, चव्वी. एकाला त्यांत फ्लश दिसतो, दोघांना फुल हाउस, आणि बाँडला इस्पिकच्या पंजी-सत्तीमुळे चार ते आठचा स्ट्रेट फ्लश. तीच पाच पाने, चार वाचने. कादंबरीतला बाँड वाचतो म्हणजे निभावतो. चित्रपटातला बाँड वाचतो म्हणजे समोरचा माणूस वाचतो. दरम्यानच्या काळात, १९९९ साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील ‘लेट नाइट पोकर’ने टेबलाला काचा बसवून झाकलेले पत्ते प्रेक्षकांना दाखवायला आरंभ केला होता, आणि २००३ साली ख्रिस मनीमेकर या हिशेबनिसाने लास व्हेगासची जागतिक स्पर्धा जिंकून २५ लाख डॉलर नेले होते. पात्रांना ठाऊक नसलेले प्रेक्षकाला ठाऊक असणे यालाच नाट्यशास्त्रात आपण नाट्यगत उपरोध म्हणतो. होल्डेमच्या लोकप्रियतेचे हे कारण साहित्याच्या विद्यार्थ्याइतके सहज कुणाच्या ध्यानात येणार?

आक्षेप येतील. पहिला असा की ही तांत्रिक माहिती झाली, साहित्य नव्हे. ज्या वर्गात ओवी आणि अभंगाची चरणसंख्या विचारली जाते त्या वर्गात हा आक्षेप शोभत नाही. शिवाय साहित्यिकांना हा विषय कधी हलका वाटलेला नाही. ‘द न्यू पोएट्री’ (१९६२) या संकलनाचे संपादक आणि सिल्व्हिया प्लाथच्या कवितेचे पाठीराखे असलेले इंग्रज समीक्षक अल अल्व्हारेझ यांनी १९८३ साली ‘द बिगेस्ट गेम इन टाउन’ हे लास व्हेगासच्या पोकरवरचे पुस्तक लिहिले.

दुसरा आक्षेप नैतिक: याने जुगाराला प्रोत्साहन मिळेल. आमचा अनुभव उलटा आहे. कॅसिनो प्रत्येक डावातून आपला वाटा कापून घेतो, म्हणून टेबलावरील सर्वांची मिळून बेरीज नेहमी तोट्याचीच असते, हे नियम जाणणाऱ्यालाच कळते. नशिबावर श्रद्धा असलेल्याला कळत नाही. या भेदाशी आपली न्यायालयेही झगडत आली आहेत. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानले आणि तीन पत्त्यांच्या खेळांना निव्वळ नशिबाचे. २०१७ साली गुजरात उच्च न्यायालयाने पोकरला जुगारच ठरवले. आणि २०२५ साली संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांपुरता हा भेदच बाजूला सारला. कुणाची घरे उद्ध्वस्त होत असतील तर कायद्याने भेद न पाहणे समजू शकते. समीक्षेला ती मुभा नाही. भेद पाहणे हेच तिचे काम.

तिसरा आक्षेप आपल्या परंपरेच्या नावाने येतो: द्यूत म्हणजे दैव, हे आम्ही व्यासांकडून शिकलो. खरेच? वनपर्वातल्या नलोपाख्यानात फाशांपायी राज्य घालवलेल्या नळाला ऋतुपर्ण राजा अक्षहृदय शिकवतो. त्याआधी तो बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे किती ते सांगतो, आणि नळ झाड तोडून ती मोजून पाहतो. फाशांची विद्या आणि संख्येची विद्या तेथे एकाच श्वासात येतात. ती शिकलेला नळ पुन्हा खेळून राज्य परत मिळवतो. आणि ही कथा सांगणारे बृहदश्व ऋषी तीच विद्या वनवासातल्या युधिष्ठिराला देतात. सभेत हरलेला युधिष्ठिर दैवाला बोल लावू शकला असता. व्यासांनी त्याला मोजायला शिकवले.

तेव्हा अध्यापक मित्रांना आमची विनंती साधी आहे. पुढच्या वेळी संहितेत पत्ते आले की ‘नशीब’ हा शब्द तासाभरासाठी दूर ठेवावा, वर्गात पत्त्यांचा एक जोड आणावा, आणि तो डाव नियमांनुसार मांडून दाखवावा. काड्यापेटीतल्या काड्या पणाला लावल्या तरी पुरे. आमच्या त्या विद्यार्थिनीला आम्ही हे देऊ शकलो नाही. चार सत्त्या आणि सत्तेचाळीस पत्ते, एवढेच तिला सांगायला हवे होते. उरलेले नाटक तिने स्वतः वाचले असते.